ग्रुपवर कुणी विचारत नाही तो प्रश्न

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या वर्षभरात आपण एकमेकांना काय काय विचारलं, ते मी परवा मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. वास्तुशांतीला गुरुजी हवेत. मुलीच्या दातांना तारा बसवायच्या आहेत, चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट कोण? आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, व्हिजिटर इन्शुरन्स कोणता घ्यावा? एडिसनमध्ये अळूची पानं कुठे मिळतील? प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटांत चार उत्तरं आलेली. अळूच्या पानांना तर नऊ, आणि वर एकीची वड्यांची कृती.

एक प्रश्न मात्र वर्षभरात एकदाही आलेला नाही. ‘मुलगी तीन आठवडे खोलीबाहेर आलेली नाही, कुणाला दाखवू?’ किंवा ‘मुलाच्या बॅगेत गोळ्या सापडल्या, आता काय करू?’ एवढ्या मोठ्या मंडळात हा प्रश्न कुणाला पडलाच नसेल, असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. कारण तीन वर्षांपूर्वी तो आम्हाला पडला होता, आणि आम्हीही तो विचारला नव्हता.

हे मी मुलाला विचारून लिहिते आहे. त्याची अट एकच आहे : नाव नको. म्हणून माझंही नाव या लेखाखाली नाही. ते संपादकांकडे आहे.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा वाळलेला दिसला, दुपारी दोनपर्यंत झोपायचा. आम्ही म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल. मी डिंकाचे लाडू करून दिले. मार्चमध्ये त्याच्या रूममेटचा फोन आला तेव्हा कळलं, की तो महिनाभर वर्गात गेलेला नाही आणि झोप लागावी म्हणून फोनवरून कुणाकडून तरी झॅनॅक्सच्या गोळ्या विकत घेतो आहे. कॉलेजनं आम्हाला काही कळवलं नव्हतं. त्याला आम्ही घरी आणलं आणि मंडळात सांगितलं, ‘एक सेमिस्टर गॅप घेतलीय, इंटर्नशिप करतोय.’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की कंपनीचं नावही जवळजवळ ठरवून ठेवलं होतं.

मग डॉक्टर शोधायला लागलो. इन्शुरन्स कंपनीच्या यादीतल्या सतरा थेरपिस्टना मी फोन केले. काही नंबर बंद होते. काहीजण नवीन पेशंट घेत नव्हते. दोघांनी आमचा इन्शुरन्स घेणं केव्हाच बंद केलं होतं, यादीत नाव मात्र तसंच होतं. एकीनं अडीच महिन्यांनंतरची वेळ दिली. त्या अडीच महिन्यांत घरात काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

आम्हाला वाट सापडली ती गणपतीच्या कार्यक्रमानंतर, पार्किंग लॉटमध्ये. मंडळातली एक मैत्रीण, जिच्याबरोबर मी बारा वर्षं मोदकांच्या उकडी काढल्या आहेत, मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘तू बरी दिसत नाहीस.’ मी बोलून टाकलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तिची मुलगी शाळेत असताना ते याच सगळ्यातून गेले होते. तिच्याकडे डॉक्टरचं नाव होतं, पालकांच्या गटाचा पत्ता होता, कोणत्या नंबरला फोन केला की खरंच माणूस बोलतो हेही तिला माहीत होतं. ती माझ्या घरापासून बारा मिनिटांवर राहते. आम्ही दोघी एकमेकींपासून हीच गोष्ट लपवत होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. न्यू जर्सीत आपल्या मुलांसाठी मदत आहे, बरीच आहे आणि जवळ आहे. ती आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण बाकी सगळी माहिती ज्या वाटेनं आपल्यापर्यंत येते, म्हणजे एकमेकांच्या तोंडून, ती वाट आपण या एका विषयापुरती बंद करून ठेवली आहे.

आता काय आहे ते सांगते. हा भाग सावकाश वाचा.

जिवावर बेतलं असेल, श्वास मंद झाला असेल, जागं करूनही जागं होत नसेल, तर ९११. त्यात दुसरा विचार नको. मन खचलं असेल, जगणं नको असं बोलणं असेल, तर ९८८. १६ जुलै २०२२ पासून हा तीन आकड्यांचा नंबर देशभर सुरू आहे, चोवीस तास. फोन करता येतो, मेसेजही करता येतो, आणि पुष्कळ मुलांना बोलण्यापेक्षा मेसेज सोपा जातो. आई-वडिलांनीही मुलाबद्दल बोलायला हा फोन करावा. इंग्रजीत भावना सांगणं जड जात असेल, तर दुभाष्या मागता येतो.

घरात एकवीस वर्षांखालचं मूल असेल, तर न्यू जर्सीच्या ‘चिल्ड्रेन्स सिस्टिम ऑफ केअर’चा नंबर जवळ ठेवा : १-८७७-६५२-७६२४. हा चोवीस तास चालतो आणि ‘परफॉर्मकेअर’ या नावानं उचलला जातो. तिथे ‘मोबाइल रिस्पॉन्स’ मागितला, तर प्रशिक्षित माणूस साधारण तासाभरात, किंवा तुमच्या सोयीच्या वेळी, घरी येतो. गणवेश नाही, सायरन नाही. बसतो, मुलाशी बोलतो, आपल्याशी बोलतो, पुढच्या काही दिवसांचा आराखडा करतो आणि गरज असेल तर काही आठवडे मदत चालू ठेवतो. मुलाला अठरा पूर्ण झाली असतील, तर अर्थात त्याची तयारी लागते. आमचा मुलगा एकोणीसचा होता. म्हणजे मी सतरा थेरपिस्टना फोन करत होते तेव्हा हा नंबर आम्हाला लागू होता. आम्हाला तो माहीत नव्हता.

मुलांनी स्वतः, आई-बाबांना न सांगता बोलायचं असेल, तर ‘सेकंड फ्लोअर’ ही न्यू जर्सीची हेल्पलाइन १० ते २४ वयोगटासाठी आहे : १-८८८-२२२-२२२८. फोन करा किंवा मेसेज करा, नाव सांगावं लागत नाही. हा नंबर तुमच्या मुलांना द्या आणि नंतर ‘केला होतास का फोन?’ असं विचारू नका.

दारू, गोळ्या, गांजा, व्हेप यांबद्दल काहीही विचारायचं असेल, तर ‘रीच एनजे’ : १-८४४-७३२-२४६५. इन्शुरन्स असो वा नसो, ते जवळची उपचाराची जागा शोधून देतात.

नालोक्सोनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्यातल्या अनेकांनी हा शब्दच ऐकलेला नाही. फोनवरून घेतलेली ‘झॅनॅक्स’ किंवा ‘पर्कोसेट’ची गोळी पुष्कळदा झॅनॅक्स किंवा पर्कोसेट नसतेच. ती साच्यात दाबून केलेली बनावट गोळी असते आणि तिच्यात फेंटानिल असू शकतं. फेंटानिल दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलच्या टोकावर मावेल इतकंच, प्राणघातक ठरू शकतं. २०२३ मध्ये डीईएनं तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दहातल्या सात गोळ्यांत जीव जाऊ शकेल इतकी मात्रा होती. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत या देशात ओव्हरडोसनं दर वर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा बराच खाली आला, आणि त्यामागच्या कारणांमध्ये नालोक्सोनचा प्रसार हे एक कारण मानलं जातं. हा नाकात मारायचा फवारा आहे. फेंटानिलसारख्या ओपिऑइडनं थांबत चाललेला श्वास तो परत आणू शकतो. समोरच्यानं ओपिऑइड घेतलेलंच नसेल, तर त्यानं अपाय होत नाही. फवारा मारला तरी ९११ ला फोन करायचाच, कारण त्याचा परिणाम काही वेळानं उतरतो.

न्यू जर्सीत २०२३ पासून चौदा वर्षांवरच्या कुणालाही तो या योजनेत असलेल्या फार्मसीत फुकट मिळतो. प्रिस्क्रिप्शन नको, नाव नको, कारण सांगायला नको. आणि ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्याला ड्रग्ज जवळ असल्याबद्दल अटक होऊ नये, असा कायदा इथे २०१३ पासून आहे. तुमच्या मुलांना हे नक्की सांगा. मित्र बेशुद्ध पडल्यावर ‘पोलीस आले तर?’ या भीतीनं गेलेली दहा मिनिटं परत येत नाहीत.

आता आपल्या आक्षेपांकडे येते. ते मला तोंडपाठ आहेत, कारण सगळे मीच घेतले होते.

‘आपल्या घरांत असं नसतं.’ पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी हात दिला. अवचटांचं ‘गर्द’ आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी होतं. मुक्तांगणला इथून देणग्या पाठवणारीही कुटुंबं आहेत. म्हणजे व्यसन हा आजार आहे, तो चांगल्या घरांत होतो, आणि त्यात एकट्या पेशंटवर नाही तर घरच्या माणसांबरोबरही काम करावं लागतं, हे आपल्या भाषेत आपल्याला पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे. आपण ते वाचलं, हळहळलो, आणि ते दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आहे असं समजून पुस्तक कपाटात ठेवलं.

जाता जाता आपल्या बेसमेंटमधल्या बारबद्दलही बोलू. मुलं वरच्या मजल्यावर पिझ्झा खात असतात आणि खाली बाबा लोकांचे विनोद चालू असतात, ‘आज तिसऱ्यावर थांबायचं नाही.’ मुलांना वर सगळं ऐकू येतं. २०२२ च्या एप्रिलपासून न्यू जर्सीत एकवीस वर्षांवरच्यांसाठी गांजाची दुकानंही कायदेशीर आहेत, आणि गांजाच्या गमीज बघायला साध्या गोळ्या-चॉकलेटसारख्याच असतात. कुलूप दारूच्या कपाटाला आहे का, आजीच्या पाठदुखीच्या उरलेल्या गोळ्या कुठे आहेत, हे आज घरी जाऊन पाहायला हरकत नाही.

‘रेकॉर्डवर येईल, मेडिकल स्कूलला अडेल, लग्नाला अडेल.’ डॉक्टरांकडच्या नोंदी गोपनीय असतात. व्यसनोपचाराच्या नोंदींना तर फेडरल कायद्याचं वेगळं आणि जास्त कडक संरक्षण आहे. लग्नाचं म्हणाल, तर जे स्थळ उपचार घेतल्यामुळे जाईल, ते उपचार न घेतल्यामुळे उद्या घरात काय होईल याचा विचार करून गेलेलंच बरं.

‘आम्ही पैसे भरतो आणि कॉलेज आम्हालाच काही सांगत नाही.’ खरं आहे. मूल कॉलेजात गेलं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क फेडरल कायद्यानं त्याचे होतात, आणि अठरानंतर डॉक्टरही त्याच्या संमतीशिवाय सहसा बोलत नाहीत. पण कायदा त्यांना बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. तुम्ही डीनच्या ऑफिसला किंवा काउन्सेलिंग सेंटरला फोन करून, ‘मला काही सांगू नका, पण माझ्या मुलाबद्दल मला ही काळजी वाटते’ एवढं नक्की सांगू शकता. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी थँक्सगिव्हिंगनंतरच तो फोन केला असता. कॉलेजला पाठवण्याआधी मुलाशी बोलून माहिती देण्याच्या संमतीपत्रावर सही घेऊन ठेवणं हाही एक सोपा मार्ग आहे. सव्वीस वर्षांपर्यंत मूल आपल्या इन्शुरन्सवर राहू शकतं, तेही लक्षात असू द्या.

‘इथल्या गोऱ्या थेरपिस्टला आपलं काय कळणार?’ कधी खरंच कळत नाही. ‘आजीला काय वाटेल’ याचं ओझं समजावून सांगण्यातच दोन बैठका जातात. त्यासाठी ‘समहिन’ म्हणजे ‘साउथ एशियन मेंटल हेल्थ इनिशिएटिव्ह अँड नेटवर्क’ ही आपल्या न्यू जर्सीतलीच संस्था आहे. दक्षिण आशियाई कुटुंबांना समजून घेणारे डॉक्टर आणि थेरपिस्ट शोधायला तिची मदत होते. ‘नामी न्यू जर्सी’चा ‘समहाज’ हा उपक्रमही आपल्यासारख्या कुटुंबांसाठीच आहे. पण आमच्या मुलानं देशी थेरपिस्टला चक्क नकार दिला. म्हणाला, ‘ती तुमच्या कुणाच्या तरी ओळखीची निघेल.’ मला वाईट वाटलं, पण त्याचं चुकत नव्हतं. निवड त्याची होती, म्हणून तो गेला आणि जात राहिला.

आणि आपल्यासाठी, म्हणजे आई-बापांसाठीही जागा आहेत. नामीचा ‘फॅमिली टू फॅमिली’ हा आठ बैठकांचा वर्ग फुकट असतो. अल-अ‍ॅनॉनच्या बैठका जवळपास प्रत्येक काउंटीत होतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशीच बसले, म्हणजे उठून जाता येईल. उठले नाही. मुलाला कसं बरं करायचं हे तिथे कुणी शिकवत नाही. रात्री दोन वाजता त्याच्या खोलीबाहेर उभं राहून श्वास ऐकायची सवय कशी सोडायची, ते मात्र मला तिथे शिकता आलं.

आता दुसऱ्या पिढीच्या वाचकांसाठी. तुमच्यातले काहीजण हे स्वतः वाचत असाल, काहींना आई वाचून दाखवत असेल. या लेखातले सगळे नंबर अंकाच्या इंग्रजी भागातही छापा, अशी विनंती मी केली आहे. तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली : न्यू जर्सीत सोळा पूर्ण झालेल्यांना आई-वडिलांच्या सहीशिवाय काउन्सेलिंग घेता येतं. औषधांसाठी मात्र घरी सांगावं लागतं. आई-बाबांच्या इन्शुरन्सवर गेलात, तर खर्चाचा तपशील त्यांच्याकडे येऊ शकतो. तो तुमच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवायची विनंती कंपनीला करता येते. दुसरी : आम्ही पहिल्या दिवशी चुकीचं बोलू. ‘तुला काय कमी केलं?’ असं म्हणू. मीही म्हटलं होतं. तो राग नसतो, भीती असते, पण ऐकणाऱ्याला तो रागच वाटतो हे मला आता कळतं. त्या एका वाक्यावर आमच्याशी बोलणं बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, किंवा दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावा. मावशीला, मोठ्या भावाला, शाळेच्या काउन्सेलरला.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्हींना मिळून ढोल-ताशाच्या एका तालमीपेक्षा कमी खर्च येईल. एक, मंडळाच्या डिरेक्टरीत या नंबरांचं एक पान छापा, गुरुजी आणि केटररच्या पानाशेजारी, कुठेतरी शेवटी लपवून नाही. दोन, कार्यक्रमाच्या हॉलमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीत नालोक्सोनच्या दोन फवाऱ्या ठेवा आणि वर्षातून एकदा तासभर त्या कशा वापरायच्या ते शिकवा. तीन, तिमाहीतून एकदा एक खोली द्या. फोटो नाही, हजेरी नाही, वृत्तांत नाही. ज्यांना बसायचंय ते येऊन बसतील. पहिल्या वेळी कुणी आलं नाही तर मी आणि ती मैत्रीण चहा पिऊन घरी जाऊ.

आणि एक मागणी तुमच्याकडे, माझ्यासकट सगळ्यांकडे. या दिवाळीला फराळाला गेलात, की ‘मुलगा काय करतो हल्ली?’ हा प्रश्न विचारण्याआधी जरा थांबा. ज्या घरी सगळं ठीक आहे, तिथे ते आपणहून सांगतातच. ज्या घरी नाही, तिथे त्या आईला चकलीची बशी हातात धरून खोटं बोलावं लागतं. ते किती जड असतं, हे मला माहीत आहे. ‘कसा आहे गं तो?’ एवढं विचारा, आणि उत्तर ऐकायला थोडं थांबा.

आमचा मुलगा आता कॉलेजात परत गेला आहे. सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. मध्ये एक महिना वाईट गेला. पण या वेळी आम्हाला कुठे फोन करायचा ते माहीत होतं, आणि तोही स्वतःच बोलला.

कुणाला बोलावंसं वाटलं, तर संपादकांकडे निरोप द्या. माझा नंबर त्यांच्याकडे आहे, आणि मी परत फोन करीन. तोवर हे पान अंकातून फाडून फ्रिजवर लावा. दिवाळी अंक फाडायची परवानगी मी संपादकांकडून आधीच घेतली आहे.